माझा खल वेगळा

"तो ठेव. तुझा हा."

एवढंच म्हणाल्या लॅबमधल्या ऋचा मॅडम. माझ्या हातातला खल काढून घेतला आणि दुसरा पुढे केला. हातात दिला नाही. ओट्यावर ठेवला आणि बोटाने सरकवला.

समोर एम.एस्सी.ची नवी पोरं उभी होती. त्यांना त्या दिवशी यंत्र दाखवायचं होतं. इन्फ्रारेडचं यंत्र. यंत्राच्या आधी त्यांना मी दाखवली गेले, असं मी आज म्हणते. त्या दिवशी मूग गिळून तो दुसरा खल उचलला, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि घोटायला लागले. पोरं एकदा माझ्याकडे बघत, एकदा खलाकडे. खलाच्या कडेला लाल चिकटपट्टी होती. पट्टीवर पेनाने माझं आडनाव.

त्या खोलीत दुसऱ्या कोणाच्याही नावाचा खल नव्हता.

खोलीच्या दारावर लिहिलंय, 'सामायिक संशोधन सुविधा'. सामायिक म्हणजे सगळ्यांची. धुळ्यापासून बोदवडपर्यंतच्या कॉलेजांची पोरं नमुने घेऊन येतात, इवल्या इवल्या बाटल्यांतून. पिंपळनेरकडचीही येतात. वेळ घ्यायची, आपला नमुना आपण तयार करायचा, यंत्रात ठेवायचा, आलेख घेऊन जायचं. विद्यापीठाचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की बाकीचे सुटतात. तिथे असेल तसलं, आमच्याकडे नाही, असं म्हणायला मोकळे. मला कोणालाच मोकळं सोडायचं नाही.

मी यावल तालुक्यातली. बाप मी शाळेत असतानाच गेला. माय केळीच्या बागांत मजुरीला जाते. झाडाच्या बुडाशी फुटलेली पिलं कापते, वाळलेली पानं काढते, घड उतरले की खोडं तोडते. तिचं माहेर साक्रीकडे, म्हणून आमच्या घरात अहिराणी. शाळेत मराठी, घरात अहिराणी आणि बागेत मालकाची बोली. आमचं आडनाव सांगितलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. सांगणाऱ्यालाही कळतं, ऐकणाऱ्यालाही कळतं. मधे जी क्षणभर शांतता होते ना, ती मी पहिलीपासून ओळखते.

एम.एस्सी. मी धुळ्याला केलं. तिथे इन्फ्रारेडचं यंत्र नव्हतं. आलेखाची झेरॉक्स मिळायची. झेरॉक्सची झेरॉक्स. अर्धे आकडे पुसलेले. त्यावरून ओळखा पदार्थ कोणता. मी ओळखायचे. परीक्षेत पैकीच्या पैकी. पण ते यंत्र केवढं असतं, कुठून उघडतं, आवाज करतं का, काही माहीत नव्हतं. पोहायला शिकवलं ते फळ्यावर, असला प्रकार. पीएच.डी.ला इथे नंबर लागला तेव्हा मी मायला सांगितलं, आता खरं यंत्र हाताळायला मिळणार. माय म्हणाली, "जपीसन वापर. महागनं राही." तिला वाटलं मी ते मोडेन. इथे आल्यावर कळलं, तशी भीती मायला एकटीलाच नव्हती.

विषय माझा मीच निवडला. केळीच्या खोडाचा धागा. घड निघाला की खोड कोणाच्या कामाचं नाही, बांधावर सडत पडतं. त्यातून चांगला धागा निघतो. त्या धाग्यावर वेगवेगळी रसायनं घातली की आत काय बदलतं, ते मला शोधायचं होतं. ते डोळ्यांना दिसत नाही. इन्फ्रारेडला दिसतं. आमच्या गाईड सरांना विषय फार आवडला. "लोकल प्रॉब्लेम आहे, छान," म्हणाले. प्रॉब्लेम लोकल असला की छान वाटतो. माणूस लोकल असला की काय वाटतं, ते मी पुढे बघितलं.

काम असं असतं. पोटॅशियम ब्रोमाइड नावाचं एक मीठ असतं, पांढरं. ते चिमूटभर खलात घ्यायचं, त्यात कणभर नमुना घालायचा आणि घोटायचं. पीठ अगदी मऊ झालं पाहिजे. मग ते साच्यात भरून प्रेसखाली दाबायचं. कपाळाच्या टिकलीएवढी चकती निघते, काचेसारखी आरपार. ती यंत्रात ठेवली की तिच्यातून किरण जातात. कोणता किरण कुठे अडला त्याचा आलेख पडद्यावर येतो. रेघ सरळ जाते आणि जिथे काही अडलं तिथे खाली खड्डा पडतो. खड्डा कुठे पडला यावरून आत काय आहे ते कळतं. सगळं त्या घोटण्यावर. म्हणून खल चांगला लागतो. आमच्या खोलीत अ‍ॅगेटचा खल आहे. अ‍ॅगेट म्हणजे एक कठीण दगड, काचेसारखा गुळगुळीत, घोटताना स्वतःचा कणही सोडत नाही. सगळे तोच वापरतात.

सगळे म्हणजे मी सोडून.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. रविवारी मी गावी गेले होते. मायबरोबर बागेत जाऊन स्वतः खोडं कापली, मायने धागा सोलला. सोमवारी लॅबमध्ये आले तेव्हा बोटं काळपट तपकिरी झालेली. केळीचा चीक. कपड्याला लागला तर कपडा जातो, पण डाग जात नाही. ऋचा मॅडम आमच्या सीनियर. त्यांचं संशोधन संपत आलेलं आणि सरांनी खोलीच्या किल्ल्या त्यांच्याकडे दिलेल्या. म्हणून आम्ही मॅडम म्हणायचो. नाहीतर वयाने माझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेली बाई.

"हे काय, मेंदी?"

"केळीचा चीक, मॅडम."

"यावलची ना तू? बागायतदार का?"

"नाही. माय मजुरीला जाते." आणि मग आडनाव सांगितलं.

झाली ती शांतता. ओळखीची.

"असं," त्या म्हणाल्या. "मग अ‍ॅगेटला हात नको लावूस. कंटॅमिनेशन होतं. मी तुला वेगळा देते."

दुसऱ्या दिवशी, त्या नव्या पोरांसमोर, लाल पट्टीचा खल आला. चिनी मातीचा, पांढरा, जुना. आतली चकाकी गेलेली, बोट फिरवलं तर खरखर लागायची. मला तेव्हा खरंच वाटलं, चिकामुळे असेल. नवीन होते मी. नियम असेल म्हटलं. लिंबू लावलं, रॉकेल लावलं, बोटं घासून घासून लाल केली. पंधरवड्यात चीक गेला. हात पांढरेफटक. मी जाऊन मॅडमना दाखवले, लहान पोर शाळेत नखं दाखवतं तसे.

त्यांनी हात बघितलेच नाहीत. "असू दे ना, तुझा खल आहे ना तुला," म्हणाल्या.

आणि मग एक दिवस मयूर आला. मयूर माझ्याच बॅचचा. रावेरकडचा, वडिलांची केळीची मोठी बाग. तोही गावाहून आलेला, घरी कटाई चालू होती म्हणून हौसेने दोन घड उतरवून आला होता. बोटं काळी. तोच चीक. त्याच झाडाचा. त्याने अ‍ॅगेटचा खल घेतला, घोटला, टिकली काढली. ऋचा मॅडम त्याच्या शेजारी उभ्या. "वा, शेतकरी राजा," म्हणाल्या आणि हसल्या. तोही हसला. मी कोपऱ्यात घोटत होते.

त्या दिवशी मला सगळं कळलं, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण तसं नाही झालं. कळलं, आणि मी ते खाली दाबलं. साच्यात पीठ दाबतात तसं. कारण कळून करायचं काय? खोलीची किल्ली त्यांच्याकडे. सही सरांकडे. मी कोणाला सांगू? वसतिगृहातल्या माझ्या खोलीतली मुलगी वाणिज्य शाखेची. तिला सांगितलं तर म्हणाली, "खलच आहे ना गं, एवढं काय." मायला सांगणं शक्य नव्हतं. ती म्हणाली असती, निघी ये घर. लॅबमध्ये रशीदभाई होते, यंत्राची देखभाल करणारे, जळगावचेच. भला माणूस. एकदा त्यांनी माझ्या खलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "बेटा, मैं कुछ बोलता नहीं. ठेके का काम है मेरा." मी म्हटलं, नका बोलू भाई. त्यांनाही घर आहे.

मग मी एकटीच राहायला शिकले. जेवायला सगळे कँटीनला जायचे, मी वसतिगृहातून आणलेला डबा मागच्या जिन्यावर बसून खायचे. कधी गावाहून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आलेली असायची. ती कोणाला द्यावी असं फार वाटायचं. जिन्यावर कोण येतंय. यंत्राची एक रीत आहे, नमुना ठेवायच्या आधी रिकाम्या जागेचा आलेख घ्यायचा. खोलीतली हवा, दमटपणा, माणसांचा श्वास, सगळं यंत्र टिपून घेतं आणि मग वजा करून टाकतं. मी तिथे बसून विचार करायचे, आज या रिकाम्या खोलीत माझाही श्वास होता आणि तो वजा झाला. बोलायला कोणी नसलं की माणसाच्या डोक्यात असले खुळे विचार येतात.

माझे आलेख बिघडायला लागले ते याच काळात. धाग्याचे जे खड्डे यायला पाहिजेत ते यायचे, पण आलेखाखालच्या पट्टीवर हजाराच्या आकड्याजवळ एक भला मोठा खड्डा पडायचा आणि धाग्याचं खरं काम त्याच्याखाली झाकून जायचं. वर छत्तीसशेच्या पुढे दोन टोकदार रेघा. त्या तर केळीत असायचंच कारण नाही. मी पुस्तकं काढून बसले. पुस्तक म्हणत होतं, ही माती. साधी चिकणमाती.

मी धागा परत धुतला. डिस्टिल्ड पाण्याने धुतला, उकळून धुतला. माती जाईना. नवा धागा आणला, तोही धुतला. माती होतीच.

मग दरवर्षीचं सादरीकरण आलं. प्रत्येक संशोधकाने सगळ्यांसमोर काम दाखवायचं. विभागातले सगळे शिक्षक, बाहेरचे एक तज्ज्ञ, मागच्या रांगांत पोरं. काम समाधानकारक नाही असा शेरा पडला की नोंदणी धोक्यात. माझी पाळी आली. मी पडद्यावर आलेख लावला. लपवायचा कसा? होता तो लावला.

सर पुढे वाकून बघत राहिले. मग मागे वळून सगळ्यांकडे बघत म्हणाले, "ही केळी आहे की शेताचा बांध?"

हसले सगळे.

"धुतलं होतं का?"

"हो सर. चार पाण्यांनी."

"दिसत नाहीये. बघा, स्वच्छता ही आतून यावी लागते. काही घरांत ती असते, काही ठिकाणी शिकवावी लागते. आपण शिकवू."

परत हसू. या वेळी जरा हळू. मयूर खाली बघत होता. ऋचा मॅडम समोर बघत होत्या, चेहऱ्यावर काही नाही. मी हातातला पॉइंटर धरून तशीच उभी. लाल ठिपका पडद्यावर थरथरत होता. तो सगळ्यांना दिसत होता. मला तो बंद करायचं सुचेना.

शेरा मिळाला, 'नमुना तयार करण्यात निष्काळजीपणा. पुढील सादरीकरणात सुधारणा न दिसल्यास नोंदणीबाबत विचार.'

सगळ्यात वाईट काय झालं सांगू? मला सरांचं खरं वाटलं. राग आला, रडू आलं, पण आत कुठेतरी वाटलं, असेल. आपल्यातच माती असेल. आपलं घर मातीचं, ओटा शेणाचा, आपण मातीतच वाढलो. धुऊन कुठे जातंय? त्या रात्री मी माझेच हात नाकाशी नेऊन वास घेतला. असं माणसाला कोणी करू नये. मारलेलं परवडतं.

नवा धागा लागणार होता म्हणून गावी गेले. माझं तोंड बघून मायने विचारलं आणि मीही सांगून टाकलं. सगळं नाही. एवढंच, की धाग्यात माती येते, सर रागावले. सकाळी मी ओट्यावर खोड घेऊन बसले. धागा मायच काढते नेहमी. पट्टीने खोड दाबून सोलायचं, तिच्यासारखं मला जमत नाही. मी हाक मारली. ती आली, आणि लांबच उभी राहिली. दोन्ही हात पदराखाली.

"माय, बस ना."

"मी नही लावस हात," ती म्हणाली. "मना हातले माती राहस. तुनं काम बिघडी जाई."

मी बघतच राहिले. ती उभी होती ते उभं राहणं मला पाठ होतं. मालकाच्या ओट्यापाशी मजुरी घ्यायला ती अशीच उभी राहायची. हात पदराखाली, ओट्याला अंग लागणार नाही एवढ्या अंतरावर. लहानपणी मी तिच्या लुगड्याला धरून मागे असायचे. पण ते मालकाचं अंगण. हे आमचं घर. आमच्या घरात, स्वतःच्या पोरीपासून माझी माय अंतर राखून उभी होती. आणि ते अंतर मी लॅबमधून घरी आणलं होतं.

माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. मी म्हटलं, "माय, हात बाहेर काढ."

"कसाले?"

"धागा सोल. तूच सोल. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. माती दुसरीकडे शे."

बोलता बोलता बोलून गेले, आणि मग माझं मलाच ऐकू आलं. दुसरीकडे. कुठे? माय सोलायला बसली आणि मी विचार करायला. धागा तोच, पाणी तेच, मीठ सगळ्यांचं एकाच बरणीतलं. साचा तोच, प्रेस तीच, यंत्र तेच. माझं एकटीचं असं त्या खोलीत काय होतं? एकच वस्तू होती. माझ्या नावाची. नऊ महिने मी हात घासले, धागा घासला, मन घासलं, आणि त्या खलावर संशय म्हणून घेतला नाही. कारण तो त्यांनी दिलेला. वरून आलेली वस्तू खराब असू शकते हे आपल्या डोक्यात येतच नाही. खराब आपणच. ही शिकवण काय आजची आहे?

सोमवारी गेले. मुद्दाम भर दुपारी गेले, सगळे असताना. चोरून करायचं नव्हतं मला. कपाट उघडलं आणि अ‍ॅगेटचा खल काढला.

ऋचा मॅडम खुर्चीतून उठल्या. "तू त्याला हात लावलास?"

"लावला."

"विचारलंस कोणाला?"

"कोणाला विचारायचं, मॅडम? दारावर सामायिक लिहिलंय."

पुढे त्या काही म्हणाल्या असतील. मी ऐकलं नाही. आधी माझ्या पांढऱ्या खलात नुसतं मीठ घोटलं. धागा नाही, काही नाही. नुसतं कोरं मीठ. टिकली काढली, यंत्रात ठेवली. रेघ चालली, चालली आणि हजाराशी येऊन धाडकन खाली गेली. माती. नुसत्या मिठात माती. मग अ‍ॅगेटमध्ये तेच मीठ, त्याच बरणीतलं. रेघ सरळ. मग अ‍ॅगेटमध्ये मायने सोललेला धागा. पडद्यावर केळी आली. स्वच्छ. सगळे खड्डे आपापल्या जागी, जिथे पाहिजेत तिथे. इतके दिवस झाकलेलं सगळं दिसलं. मी त्याच्याकडे बघत बसले. शेजारी कोणी असतं तर हात धरला असता. कोणी नव्हतं. सगळे आपापल्या कामात मान खाली घालून, एकदम फार काम आल्यासारखे.

रशीदभाई मात्र पडद्याकडे बघत होते. मी विचारलं, "भाई, हा पांढरा खल आला कुठून?"

"माती तपासणीवालों का पुराना है. फेकने वाले थे. मॅडमने मांग लिया."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मेरेको किसीने पूछा नहीं, बेटा."

म्हणजे वर्षानुवर्षं त्यात शेतातली माती कुटलेली. चकाकी गेलेल्या त्या खरखरीत पोटात ती जाऊन बसलेली. माझ्या विटाळापासून त्यांनी अ‍ॅगेटचा खल वाचवला, आणि मला मातीत घोटायला बसवून मग विचारलं, माती कुठून आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

अ‍ॅगेटचा खल मी धुतला, पुसला, जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी बघते तर तो काचेच्या भांड्यात बुडवून ठेवलेला. आत नायट्रिक अ‍ॅसिड. मयूरने इतक्या वेळा वापरला, कधी अ‍ॅसिडात बुडवलेला मी बघितला नव्हता. पूर्वी गोमूत्र शिंपडायचे. हे शिकलेले लोक, यांच्याकडे अ‍ॅसिड आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

तिन्ही आलेख घेऊन सरांकडे गेले. मला वेडीला वाटत होतं, ते काही तरी म्हणतील. सॉरी नाही, पण काही तरी. त्यांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले. हुशार माणूस, एका नजरेत कळलं त्यांना. म्हणाले, "ठीक आहे. खल बदला. परत करा सगळं."

"सर, वेगळा खल मला का दिला होता?"

"आता ते उकरून काय मिळणार बेटा? लॅबचं नाव खराब होतं. पुढच्या अहवालात लिही, नमुना धुण्यात त्रुटी होती, ती दूर केली. संपला विषय. मी सही करतो."

"पण धुण्यात त्रुटी नव्हती, सर."

"शब्द आहेत गं. एका वाक्याने काय बिघडतं?"

मला मायचे हात दिसले, पदराखालचे. त्या एका वाक्याने ते हात कायमचे पदराखाली गेले असते. आणि माझ्या सहीने.

"मी तसं लिहिणार नाही," मी म्हटलं.

आयुष्यात पहिल्यांदा कोणा मोठ्या माणसाला नाही म्हटलं. आवाज चिरका निघाला. पण निघाला.

"मग सही कशी होणार?" सर म्हणाले. शांतपणे. रागावलेही नाहीत.

तेव्हापासून माझी यंत्राची वेळ जेवणाच्या सुट्टीत. कोणी नसतं तेव्हा. लाल पट्टीचा खल गेला, अ‍ॅगेट वापरते, कोणी अडवत नाही. कोणी बोलतही नाही. एक दिवस मयूर कँटीनबाहेर भेटला. इकडे तिकडे बघून म्हणाला, "बरं केलंस तू." आणि चहाचा कप घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला. मला त्याचा रागही येत नाही आता. थकवा येतो. आधी मी एकटी होते ती त्यांनी टाकली म्हणून. आता एकटी आहे ती मी बोलले म्हणून. एकटेपण दोन्हीकडे सारखंच जड, हे मी खोटं सांगणार नाही. संध्याकाळी वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे काढायला जाते तेव्हा उगाच वेळ लावते, कोणी बोललं तर. कोणी बोलत नाही.

काम मात्र मी सगळं परत केलं. एकूण एक नमुना. पुढच्या सादरीकरणात तेच स्वच्छ आलेख लावले आणि नोंदणी टिकली. आता प्रबंध लिहायला घेतलाय. प्रबंधात एक प्रकरण असतं, काम कसं केलं ते सांगणारं. कोणतं यंत्र, कोणतं मीठ, किती वेळ घोटलं, कशात घोटलं. सगळं लिहायचं असतं, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणाला तेच करून बघता येईल. शास्त्राचा नियम आहे तो, माझा नाही. मी तो पाळला. लिहिलं, 'पहिल्या नऊ महिन्यांतील नमुने माती परीक्षणासाठी पूर्वी वापरलेल्या चिनी मातीच्या खलात घोटले गेले, त्यामुळे त्यांचे आलेख या अभ्यासात वापरलेले नाहीत. प्रयोगशाळेतील अ‍ॅगेटचा खल संशोधिकेला तिच्या जातीमुळे वापरू दिला गेला नव्हता.'

सरांनी ते पान परत पाठवलं. दुसऱ्या वाक्यावर लाल फुली. शेजारी लिहिलं होतं, 'अनावश्यक.'

मी वाक्य तसंच ठेवून पान परत नेऊन दिलं. परत फुली आली. परत नेऊन दिलं. तिसऱ्यांदा त्यांनी बोलावून घेतलं. "तुला पदवी पाहिजे की हे वाक्य पाहिजे, एकदा ठरव," म्हणाले.

"ठरलंय सर," मी म्हटलं. "मला दोन्ही पाहिजे. एकावर मी भागवणार नाही."

पान अजून त्यांच्या टेबलावर आहे. उद्या ते परत आलं, तर परवा मी ते परत नेऊन देणार आहे.